मूल स्वमग्न आहे असं कळल्यावर: घरात, दवाखान्यात आणि शाळेत काय करायचं

घंटागाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आमचा दीड वर्षाचा मुलगा घरात कुठेही असला तरी खिडकीकडे धावायचा. आणि दोन हातांवरून नावाने हाक मारली तर ढिम्म हलायचा नाही. आजीने एकदा त्याच्या पाठीमागे मुद्दाम स्टीलचं ताट पाडलं. तो दचकला, मागे वळला आणि ताट गोल फिरून थांबेपर्यंत ताटाकडे बघत राहिला. आजीकडे बघितलं नाही. ‘ऐकू तर येतंय की,’ असं पुटपुटत ती ताट उचलून आत गेली. पुढचे अकरा महिने आम्ही ‘मुलगे उशिराच बोलतात’ आणि ‘याचा काका चौथ्या वर्षी बोलला’ या दोन वाक्यांवर काढले. जिभेला वेखंड लावून झालं, दृष्ट काढून झाली.

आता तो चौदा वर्षांचा आहे. मी डॉक्टर नाही, आई आहे. त्यामुळे इथे निदानाच्या बारकाव्यांपेक्षा घरातल्या गोष्टी जास्त आहेत. थेरपिस्टकडे मूल आठवड्यातून दोन-तीन तास असतं, उरलेला सगळा आठवडा आपल्याकडे, हे मला फार उशिरा उमगलं. म्हणून घरात शाळा काढून बसायची गरज नाही. अंघोळ, जेवण, चप्पल, झोका हे रोजचे प्रसंगच कामाला लावायचे. ते कसं, ते पुढे येईलच.

आधी ओळखायचं कसं

ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, हा मेंदूच्या जडणघडणीतला जन्मापासूनचा वेगळेपणा आहे. तो दोन ठिकाणी दिसतो. एक, माणसांशी देवाणघेवाण: नजर, हावभाव, बोलणं, खेळ. दुसरं, तेच ते करत राहणं, ठरावीक गोष्टींचं वेड, बदल न खपणं आणि आवाज, स्पर्श, चव, उजेड यांचा फार जास्त किंवा फार कमी त्रास होणं. पूर्वी अ‍ॅस्पर्गर वगैरे वेगळी नावं होती. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने निदानाच्या नियमावलीत ती सगळी एका छत्राखाली आणली, आणि मुलाला किती मदत लागते त्यावरून तीन पातळ्या ठरवल्या. त्यामुळे एकही शब्द न बोलणारा मुलगा आणि रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणणारी मुलगी, दोघांच्या कागदावर निदान एकच असू शकतं.

मराठीतला ‘स्वमग्न’ हा शब्द मला अर्धाच पटतो. तो ऐकला की स्वतःत बुडालेलं, कुणी नको असलेलं मूल डोळ्यांसमोर येतं. माझ्या ओळखीच्या बहुतेक स्वमग्न मुलांना माणसं हवी असतात, जवळ यायचा रस्ता तेवढा सापडत नाही. पण शब्द रुळलाय, म्हणून वापरते.

पालकांनी कुठे लक्ष ठेवायचं? वर्षाचं मूल नावाला प्रतिसाद देत नाही, टाटा करत नाही, बडबड नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘पाणी दे’ अशी स्वतःची दोन शब्दांची जुळणी नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे येत असलेले शब्द किंवा हावभाव नाहीसे होणं. हे कोणत्याही वयात झालं तरी वाट न बघता डॉक्टरकडे जायचं.

या यादीपेक्षाही मी नव्या आईबापांना एक गोष्ट बघायला सांगते: बोट. दीड वर्षाचं मूल दोन कारणांनी बोट दाखवतं. एक, हवंय म्हणून. दुसरं, ‘बघ ना, काऊ!’ म्हणून. त्या दुसऱ्यात ते आधी कावळ्याकडे बघतं, मग आपल्याकडे, मग परत कावळ्याकडे. आमच्याकडे हे दुसरं बोट आलंच नाही. पहिलंही नाही. त्याला बिस्किट हवं असलं की तो माझं मनगट धरायचा, फ्रिजपर्यंत न्यायचा आणि माझा हात दारावर ठेवायचा, जणू तो हात म्हणजे एखादी किल्ली. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं, किती हुशार म्हणून.

मुलींच्या बाबतीत जास्त सावध राहा. मुलग्यांमध्ये निदान बरंच जास्त होतं, पण मुली इतर मुलींची नक्कल करून वेळ मारून नेतात, गप्प बसतात, आणि ‘लाजाळू आहे’ या एका शब्दात त्यांची पाच-सहा वर्षं निघून जातात.

संशय आला की

सर्वात आधी कान तपासायचे, मूल घंटागाडीला धावत असलं तरीसुद्धा. ओएई आणि बेरा या दोन तपासण्यांत टोचणं वगैरे काही नसतं. बेरा साधारणपणे मूल झोपेत असताना करतात, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवून, सकाळी लवकर उठवून नेतात. मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, बहुतेक मोठ्या सरकारी रुग्णालयांतही ही सोय असते.

त्यानंतर विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयमध्ये ऑटिझम दिसत नाही. तो मुलाला बघून आणि आपल्याला विचारूनच कळतो. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची चाळणी आहे. ते निदान नव्हे, पुढे जायचं की नाही एवढंच त्यावरून ठरतं. आपल्याकडे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात चाळीस मुद्दे आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण असतात. ७० पासून १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. ‘सौम्य’ या शब्दावर मात्र फार विसंबू नका. तो मुलाचा एका दिवसाचा आकडा आहे. त्याची घरातली रात्र सौम्य असेलच असं नाही.

तालुक्याच्या गावात तज्ज्ञ नसतील तर अंगणवाडीताईंना विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. ऑटिझम त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. तिथून मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येतं, आणि तिथले उपचार मोफत असतात.

डॉक्टरकडे जाताना मोबाइलवर चार छोटे व्हिडिओ करून न्या: आपण हाक मारतोय, मूल एकटं खेळतंय, जेवतंय, आणि चिडलंय. दवाखान्याच्या वीस मिनिटांत मूल एक तर कोपऱ्यात बसतं नाहीतर रडतं. आमच्या डॉक्टरांना खरा मुलगा फोनमध्येच दिसला.

आणि निदानाचा कागद हातात येईपर्यंत थांबू नका. बोलण्याला उशीर होतोय एवढं कळलं तरी स्पीच थेरपी सुरू करता येते. पुढे निदान वेगळं निघालं तरी त्यात नुकसान काही नाही.

जाता जाता, घरात येणारे चार आरोप. लसीमुळे झालं? ज्या १९९८ च्या शोधनिबंधातून ही भीती पसरली तो ‘द लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला, आणि डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून २०१९ साली आलेल्या अभ्यासात असा काही संबंध आढळला नाही. आई नोकरी करते म्हणून? नाही. मोबाइलमुळे? मोबाइलने ऑटिझम होत नाही. पण मोबाइल हातात असताना मूल माणसाकडे बघत नाही, म्हणून तो कमी करायचाच. गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही म्हणून? यावर मी उत्तर देत नाही, चहा ठेवायला आत जाते.

दिवसातली दहा मिनिटं

गोव्यातली ‘संगथ’ ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचे सहकारी यांनी मिळून एक प्रयोग केला होता. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं होती. पद्धत ब्रिटनमधली, पण ती इथल्या घरांसाठी बदलून घेतलेली. शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. ते आईबाप आणि मूल खेळत असतानाचं चित्रीकरण करायचे आणि मग पालकांसोबत बसून तेच बघायचे: इथे त्याने तुमच्याकडे बघितलं, तुम्ही काय केलंत? पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद द्यायला शिकले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली.

मी हे घरी माझ्या नणंदेला फोन धरायला लावून केलं. तो व्हिडिओ बघताना मला घाम फुटला. पाच मिनिटांत मी एकतीस प्रश्न विचारले होते. हे काय आहे? रंग कुठला? गाय कशी ओरडते? तो एकदाही बोलला नव्हता, कारण मी जागाच ठेवली नव्हती.

करायचं ते असं. टीव्ही बंद. मुलासमोर जमिनीवर बसा, आपलं तोंड त्याच्या तोंडाच्या उंचीला. ते जे करतंय तेच करा. आमचा डब्यांची झाकणं फिरवायचा. ‘नको फिरवू, हे बघ गाडी’ हे मी वर्षभर करून थकले होते. त्या दिवशी मीही एक झाकण घेतलं आणि फिरवलं. त्याने माझ्या झाकणाकडे बघितलं. मी ते थांबवलं. त्याने स्वतःचं थांबवलं. मी परत फिरवलं, त्याने फिरवलं. चौथ्या वेळी मी झाकण हातात धरलं आणि फिरवलंच नाही. तो थांबला, आणि झाकणावरून नजर वर आली, माझ्या तोंडापर्यंत. मी ‘फिर्र’ म्हणून झाकण सोडलं. दोन आठवड्यांनी तो ‘फ’ म्हणून माझ्याकडे बघायला लागला.

यातली सगळी गंमत त्या थांबण्यात आहे. मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. आपल्याला दहा म्हणजे युग वाटतं, त्याच्या मेंदूला ते ऐकून, समजून, उत्तर जुळवायला लागतात. आणि बोलायचं ते त्याच्यापेक्षा एकच पायरी वर. शब्द नसतील तर एक शब्द, एक शब्द येत असेल तर दोन. झोक्यावर ‘झोका’, मग ‘झोका दे’. घरातल्या प्रत्येक गोष्टीत अशी थांबायची जागा निघते. शर्टात डोकं अडकवून थांबा. कणकेचा गोळा हातात धरून थांबा. ‘ये रे ये रे पावसा, तुला देतो…’ म्हणा आणि थांबा.

मराठी बोलताना येणारे घोळ

थेरपीच्या इंग्रजी पुस्तकांत हे सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बरीच स्वमग्न मुलं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणतात. त्याला पोपटपंची म्हणून धुडकावू नका. आमचा तहान लागली की म्हणायचा, ‘तुला पाणी हवं का?’ कारण पाणी मिळायच्या आधी हेच वाक्य ऐकू येतं. ही त्याची मागणीच होती. अशा वेळी प्रश्न विचारण्याऐवजी त्याच्या तोंडात शोभेल ते वाक्य आपण म्हणायचं: ‘पाणी दे’, आणि लगेच पाणी द्यायचं.

दुसरा घोळ आपल्या क्रियापदांचा. मूल दिवसभर आईचं ऐकतं, आई म्हणते ‘मी जाते, मी खाते’, आणि मुलगाही म्हणतो ‘मी जाते’. नातेवाईक हसतात. हसू देऊ नका. मुलग्यासाठी बाबांनी, काकांनी, मोठ्या भावाने ‘मी खातो, मी जातो’ असं रोजच्या कामात मुद्दाम बोलून दाखवायचं. आमच्याकडे बाबांनी सहा महिने रोज ‘मी दात घासतो’ म्हणून दात घासले.

तिसरा घोळ आपल्या शिष्टाचाराचा. आपण घरातून निघताना ‘येतो’ म्हणतो. शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलाला हे कसं कळायचं? काका ‘येतो हं’ म्हणाले आणि गेले. तो दारात तासभर उभा होता. ‘आलेच दोन मिनिटांत’ हेही तसंच, त्याने घड्याळ बघितलं आणि तिसऱ्या मिनिटाला आकाशपाताळ एक केलं. ‘डोकं खाऊ नकोस’, ‘पोटात कावळे ओरडतायत’ ही वाक्यं लहानपणी टाळा आणि मोठेपणी एकेक करून, एखाद्या कोड्यासारखी, शिकवा. आता आमचा शिकवणीला निघताना म्हणतो, ‘जातो, साडेसहाला परत येतो.’ आणि साडेसहाला येतो.

घरात मराठी सोडून फक्त इंग्रजी बोला असा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांच्या बोलण्याला इजा होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पुण्यात असा की न्यू जर्सीत, आजीशी बोलायची भाषा काढून घेतली की मुलाची बोलायची माणसं कमी होतात.

आणि शब्द येत नसतील तर चित्रं. ताट, पेला, चप्पल, शी-शूची जागा यांचे आपल्याच घरातले फोटो काढा, छापून घ्या आणि त्या त्या जागी लावा. ‘आधी’ आणि ‘मग’ असे दोन चौकोन आखलेला पुठ्ठा करा: आधी अंघोळ, मग झोका. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत ॲप चित्रावर बोट ठेवलं की मराठीत बोलतं. चित्रांची सवय लागली की मूल बोलणार नाही, ही भीती घरोघरी असते. उलट मागितलेलं मिळतंय हे कळल्यावर मुलाला बोलण्यात रस वाटायला लागतो.

कुकर, सलून आणि गणपती

पोराला कुकरच्या शिट्टीने त्रास होतो म्हणजे तो लाडावलाय असं नाही. आपल्याला दुसऱ्या खोलीतून येणारा आवाज त्याच्या कानात करवतीसारखा शिरतो. यावर तीन उपाय: आवाज कमी करणं, आधी सांगणं, आणि हळूहळू सवय. आम्ही कुकर लावायच्या आधी त्याला दाखवायला लागलो, ‘तीन शिट्ट्या’ म्हणून तीन बोटं धरायची. प्रत्येक शिट्टीला तो एक बोट मिटतो. किती वेळा होणार हे कळल्यावर निम्मी भीती गेली. उरलेली कानावर लावायच्या मोठ्या हेडफोनने जाते.

सलूनचं तसंच. एका दिवसात केस कापायचे नसतात, पाच दिवसांत कापायचे. पहिल्या दिवशी दुकानावरून नुसतं जायचं. दुसऱ्या दिवशी रिकाम्या खुर्चीत मिनिटभर बसून उठायचं. मग बंद मशीन हाताला लावायचं, मग चालू मशीन लांबून ऐकायचं. गर्दी नसलेली मंगळवारची दुपार गाठायची आणि गळ्याला गुंडाळायला घरचा टॉवेल न्यायचा, कारण त्यांच्या कापडाचा वास आणि टोचणं हेच बऱ्याचदा खरं भांडण असतं. कात्री सुरू झाली की आकडे मोजायचे. वीसला थांबायचं म्हटलं की वीसला थांबायचंच, एकवीस नाही. शब्द एकदा मोडला की पुढचं वर्षभर सलून नाही.

जेवणात आमचा चार वर्षं वरण-भात, पोळी आणि केळं एवढ्यावर होता. पोह्यात शेंगदाणा दिसला की ताट बाजूला. जबरदस्तीने घास कोंबू नका. नवीन पदार्थ आधी टेबलावर, मग ताटाच्या कडेला, मग बोटाने स्पर्श, मग ओठाला, असा महिनाभराचा प्रवास असतो. वजन घटत असेल किंवा खाण्याचे पदार्थ कमी कमी होत असतील तर डॉक्टरांना सांगा.

गणपतीत ढोल-ताशा असतो, दिवाळीत फटाके, लग्नात बँड. टाळायचं की न्यायचं? मी म्हणते, न्यायचं, पण आपल्या अटींवर. मिरवणुकीत नाही, सकाळच्या आरतीला न्यायचं. दारापाशी उभं राहायचं, बाहेर पडायचा रस्ता मोकळा ठेवायचा आणि पहिल्या वर्षी ‘सुखकर्ता’ झाली की निघायचं. रुसणारे रुसतात. नंतर येतात बोलायला.

हट्ट आणि कोलमडणं

खाऊसाठी लोळण घेणारं मूल मधूनमधून आपल्याकडे चोरून बघतं आणि खाऊ मिळाला की थांबतं. कोलमडलेलं मूल कुणाकडे बघत नाही. हवं ते दिलं तरी थांबत नाही. त्याच्या डोक्यात सहन करायची जागा संपलेली असते. अशा वेळी समजावू नका, डोळे वटारू नका, ‘लोक बघतायत’ तर मुळीच म्हणू नका. गर्दी, आवाज, उजेड कमी करा, जवळ टोकदार काही असेल तर हलवा आणि शेजारी गप्प बसा. घट्ट मिठी काही मुलांना शांत करते, काहींना आणखी भडकवते. आपलं मूल कुठल्या गटातलं हे शांत दिवशी बघून ठेवा.

नंतर वहीत तीन ओळी लिहा: आधी काय घडलं, त्याने काय केलं, मग काय झालं. दहा-बारा नोंदींत धागा दिसतो. आमचा शाळेतून आल्यावर स्वतःच्या हाताला चावायचा. तीन आठवड्यांच्या नोंदींतून कळलं की ज्या दिवशी रिक्षावाले काका रस्ता बदलतात त्याच दिवशी. आणि अचानक, कारण नसताना डोकं आपटणं किंवा मारणं सुरू झालं, तर वागण्याच्या आधी दुखणं तपासा: दाढ, कान, बद्धकोष्ठता. ज्याला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही तो असाच सांगतो. मध्येच नजर एका जागी लागून भान हरपत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. फिट येण्याचं प्रमाण या मुलांत जास्त असतं.

एक धोक्याची गोष्ट थोडक्यात, पण विसरू नका. बरीच स्वमग्न मुलं डोळा चुकवून घरातून निघून जातात, आणि पाण्याची ओढ अनेकांना असते. दाराला उंचावर जादा कडी, विहिरीला जाळी, टाकीला कुलूप, खिशात आपला फोन नंबर. पोहायला शक्य तितक्या लवकर शिकवा.

थेरपिस्ट निवडताना

स्पीच थेरपिस्ट संवादाचं बघतो, ऑक्युपेशनल थेरपिस्ट संवेदना आणि हाताच्या कामांचं, विशेष शिक्षक शिकण्याचं. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. पुढचा प्रश्न विचारा, ‘मला आत बसता येईल का?’ नाही म्हणत असतील तर कारण विचारा, आणि कारण पटलं नाही तर उठा. आम्ही एका ठिकाणी आठ महिने दाराबाहेर बसलो. आत काय चालायचं ते आम्हाला कळलं नाही. मुलगा मात्र त्या रस्त्याला रिक्षा वळली की रडायचा.

‘सहा महिन्यांत बरा करतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. ऑटिझम बरा करणारं औषध नाही. काही औषधं तीव्र चिडचिड किंवा स्वतःला इजा करणं कमी करायला डॉक्टर देतात, त्यांचा उपयोग तेवढ्यापुरता. स्टेम सेलवर लाखो रुपये घालणारी घरं मी बघितली आहेत. शेत विकून आलेले एक जण आमच्याच बाकावर बसायचे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही असं स्पष्ट केलं आहे. शरीरातले धातू बाहेर काढायचे म्हणून दिलेली इंजेक्शनं तर जिवावर बेतू शकतात.

शाळा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या यादीतल्या एकवीस दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे, आणि लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के, दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत शेजारच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हे खरं असलं तरी मुख्याध्यापकांच्या खोलीत पहिल्याच दिवशी कायद्याचं कलम काढू नका. आम्हाला एका शाळेने ‘इतर पालकांची तक्रार येते’ म्हणून दोनच महिन्यांत हात जोडले. दुसऱ्या शाळेत मी एक पान लिहून नेलं. वर्गशिक्षिकेने ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं आणि पुढच्या वर्षीच्या बाईंना दिलं. त्यात एवढंच होतं:

‘हा बोलतो, पण उत्तर द्यायला वेळ लागतो. प्रश्न एकदाच विचारा आणि थांबा. नजर देत नसला तरी ऐकत असतो. घंटेच्या आधी त्याला सांगा. पंख्याखाली बसवू नका, भिंतीकडची जागा चालेल. हात फडफडवतो तेव्हा आनंदात असतो, थांबवू नका. कान झाकले तर पाच मिनिटं बाहेर पाणी प्यायला पाठवा. त्याला आकडे आणि एसटीचे मार्ग आवडतात.’

शेवटच्या ओळीने सगळ्यात जास्त काम केलं. बाईंनी बेरीज-वजाबाकी एसटीच्या तिकिटांवर घेतली, आणि तिकीटवाला हा त्याचा पहिला मित्रांमधला खेळ झाला.

दहावी-बारावीला राज्य मंडळाच्या सवलती आहेत, त्यांत जादा वेळ आणि लेखनिक येतात. अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून आठवीतच शाळेला कागद दाखवून ठेवा. नववीच्या शेवटी धावपळ होते.

कागदपत्रं

दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) यांसाठी ऑनलाइन अर्ज करायचा, तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. लहान वयात मिळणारं प्रमाणपत्र बहुधा मुदतीचं असतं, तारीख कॅलेंडरवर लिहा. बहुतेक सवलतींची पायरी ४० टक्क्यांवर आहे. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ ही विमा योजना एक लाखापर्यंतची आहे, आणि तिच्यात थेरपीचा खर्चही काही प्रमाणात बसतो. साध्या आरोग्यविम्यात हे सहसा मिळत नाही. एसटीच्या तिकिटातही सवलत आहे.

प्रत्येक कागदाच्या पाच प्रती आणि मोबाइलमध्ये एक फोटो ठेवा. मूळ कागद कुणालाही, अगदी शाळेलाही, देऊन येऊ नका.

अठराव्या वर्षानंतर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. मूल स्वतःचे निर्णय घेऊ शकत असेल तर उत्तमच. नसेल तर राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. आमच्याकडे त्याला चार वर्षं आहेत. सध्या तो बँकेत स्वतःची सही करायचा सराव करतोय, रोज संध्याकाळी, जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर, वीस वेळा. एकवीस नाही.